उलव्याच्या गाडीचं हाय

नाही हो, इंटरनेट उत्तम चाललंय — आणि त्या खुर्चीवर नका बसू मॅडम, तिचा पाय गेलाय, इकडे माझ्या शेजारी या. वल्लरी नाव ना तुमचं, सॉफ्टवेअर कंपनीच्या? छान. मी झिल्पा पेणकर, या पाण्याच्या डेपोचं ऑफिस म्हणा, मॅनेजर म्हणा, शेठना ओरडायला कोणी लागलं तर तेही मीच. हा बघा तुमचा रिपोर्ट. खांदा कॉलनी — पाण्याचे जार गेले, पोचले, हिरवी पट्टी. नवीन पनवेल, हिरवी पट्टी. आणि उलवे? शून्य. गाडी रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत भरून जाते, संध्याकाळी रिकामी येते, आणि रिपोर्ट म्हणतो उलव्यात कोणी घोटभर पाणी प्यायलं नाही. एवढी बांधकामं चाललीत तिकडे, ते मजूर काय सिमेंट खाऊन जगतात?

आता मस्करी सोडा, कारण चार वाजता कुंदनशेठ येणार आणि त्यांचं ठरलंय — काशीरामने जार वाटेत परस्पर विकले. काशीराम म्हणजे उलव्याची गाडी चालवतो तो. त्यालाही चारला बोलावलंय, त्याला काढायचं आणि गाडी बंद. मी म्हटलं शेठ, मी स्वतः साइटवर फोन केले, पाणी मिळतंय लोकांना. तर म्हणतात, ‘बाय, रिपोर्टात नाय ना? मग नाय.’ काशीरामसारखा माणूस शोधून सापडायचा नाही हो — ड्रायव्हर म्हणून म्हणतेय मी. गाडी पुसतो, जार आपटत नाही, उलट उत्तर नाही. शिरढोणला एकटाच असतो, बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली — मला कसं माहीत म्हणजे? पगारपत्रकात असेल. नसतं? मग बोलण्यात आलं असेल, तुम्ही तुमचं काम बघा.

नोंद कशी होते? तुमच्याच कंपनीने ती बोलणारी बाई बसवलीय ना मोबाइलमध्ये. साइट आली की ती काहीतरी विचारते, ड्रायव्हर तोंडाने उत्तर देतो, ते माझ्या स्क्रीनवर उमटतं. खांदा कॉलनीवाला निकेश ‘डन’ म्हणतो, डन येतं. काशीरामचं? येतं की त्याचंही, पण ते कामाचं नसतं. — नमस्कार असतो. — साधाच. इंग्रजीत, एच आणि आय. हाय. — मलाच, अजून कोणाला, या स्क्रीनसमोर दुसरं बसतं कोण? सकाळी पहिल्या साइटवरून हाय, मग पुढच्या साइटवरून हाय, जेवणाआधी हाय, जेवल्यावर हाय. हसू नका. पन्नाशीच्या बाईची इतकी आठवण कोणी काढत नाही. माझा भाऊ एफ्राइम इस्राएलला गेला, तो शुक्रवारचा फोन करतो आणि विचारतो काय, तर ताई तू इकडे कधी येतेस. इथे हा माणूस त्या धुळीतून, उन्हातून — मग मीही म्हणायला लागले, मनातल्या मनात, स्क्रीनकडे बघून. हाय. त्यात काय बिघडलं? आणि हे काजळ त्यासाठी नाही, काजळ डोळ्यांना थंड असतं.

काय? ती बाई नेमकं विचारते काय? मला कसं कळणार, मला फक्त उत्तर दिसतं. तुमच्याकडे आहे? थांबा, मी वाचते. ‘पाणी पोचलं आहे का?’ आणि खाली, हाय. ‘पाणी पोचलं आहे का?’ हाय. पाणी पोचलं आहे का — हाय.

अगं बाई.

अगं, ती शिरढोणची बोली. आहे म्हणजे हाय. जन्म गेला माझा पनवेलात, भाजीवाली रोज दारात ओरडते, मेथी हाय, माठ हाय, तेव्हा कधी मी तिला हॅलो केलं नाही. त्या यंत्राने इंग्रजीत लिहिलं तर मीही यंत्रासारखी — हसू नको म्हटलं ना वल्लरी. तुला अगं-तुगं कधी सुरू केलं कळलंच नाही, राहू दे आता. आणि मग ती उत्तरं गेली कुठे? — नमस्काराचे निरोप बाजूला टाकायची सोय? हां, ती शेठनीच मागितली होती, ड्रायव्हर सकाळी उठून गुड मॉर्निंग म्हणत बसायचे म्हणून. म्हणजे त्याचं रोजचं इमानाचं काम तुम्ही नमस्कार समजून कोपऱ्यात टाकलंत. मीही नमस्कारच समजले. मी मात्र टाकलं नाही.

काढलंस कोपऱ्यातून? सगळं आलं? आली बघ पट्टी, खांदा कॉलनीपेक्षा लांब आली. वाचला गं माणूस. खूप बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू, इतके दिवस तो बापडा पाण्याबद्दल बोलत होता.

हे खाली काय उरलंय? ‘शाब्बास सलाम’. उलव्याचीच गाडी. पुन्हा शाब्बास सलाम. हा कोण सलाम? आमच्याकडे या नावाचं कोणी नाही, आणि त्याला शाब्बासकी कशाबद्दल? — सगळे शुक्रवारचे? संध्याकाळचे? मग मला कसे दिसणार, स्क्रीनवर त्या त्या दिवसाचंच दिसतं आणि शुक्रवारी संध्याकाळी मी इथे नसतेच, आम्हा ज्यू लोकांचा शब्बाथ लागतो, विश्रांतीचा दिवस, दिवस मावळायच्या आत घरी जाऊन दिवा लावायचा असतो. निघता निघता एफ्राइमचा फोन येतो, त्याला मी म्हणते — एकदा काशीराम इथेच जार उतरवत होता, म्हणाला, बाय, दर शुक्करवारी भावाला काय बोलता तुमी? मी सांगितलं, शब्बाथचा नमस्कार असतो तो, शब्बाथ शालोम. त्याला म्हणता येईना. म्हणायला लावलं मी, हसले पण त्याला, शब्बा, शब्बाथ, शाब्बा —

काही नाही. काही झालं नाही मला.

नाही, ती ओळ रिपोर्टात नको. नको म्हटलं ना, ती पाण्याची नाही. राहू दे तिथेच कोपऱ्यात, पुसू मात्र नकोस. लॅपटॉप मीट आणि ऊठ बघू, आज शुक्रवार आहे, मला लवकर निघायचंय, शेठना सांगते मी काय सांगायचं ते. चहा पुढच्या वेळी. दार लोटू नको, गाडी आलीय फाटकात — हो, ऐकू आलं काशीराम, हाय, आतच हाय मी.