खंजिरीच्या चकत्या

(अंबड. सकाळी पिकअपमधून साउंडचं सामान उतरवून झालंय. सर्जेराव अंगणात वायरी गुंडाळतोय. बायको त्याच्या पाठीमागं उभी आहे.)

सर्जेराव : बॉक्सातलं ट्विटरच गेलंय, सांगून राह्यलो ना. बारीक आवाज बिलकुल निघत न्हाई. उद्या परत जालन्याला नेतो.

सत्यशीला : जालन्याच्या रिपेरीवाल्या राधेश्यामभाऊंचा फोन आल्ता. मागच्या खेपेला खोलून पाह्यलं त्यांनी. ट्विटर बराबर हाय म्हणे.

सर्जेराव : तो दुकानात लावून पाहतो. भर मंडपात काय होतं, त्याला काय माहीत?

सत्यशीला : मला माहीत हाय. काल तीर्थपुरीला मी गाऊन राह्यले होते अन् पुढच्या बाया कानावर पदर दाबून बसल्या होत्या.

सर्जेराव : हवा होती.

सत्यशीला : एप्रिलात? पंखे लावले होते त्यांनी.

सर्जेराव : मंग?

सत्यशीला : मंग काय. एक म्हातारी येऊन म्हणली, बाई, पहिले गोड गात होतीस, आता कानात सुई घातल्यावानी लागतं.

सर्जेराव : उलटं हाय. तुझ्या आवाजाला धारच राह्यली न्हाई. वर्ष झालं सांगून राह्यलो. म्हणून तर बारीक आवाजाचा नॉब चढवतो मी.

सत्यशीला : अन् मी वर्षभर ज्येष्ठमध चघळला. लोणचं सोडलं. तुम्ही म्हणले आवाज बसला, मी मानलं. बुद्धपौर्णिमेला गाणार न्हाई म्हणून गायन पार्टीवाल्या प्रितमला सांगून बी टाकलं.

सर्जेराव : हे मला कधी सांगितलं?

सत्यशीला : काल गाडीत. तुम्ही हां म्हणले.

सर्जेराव : ध्यान नसन माझं.

सत्यशीला : आता काय ऐकू येऊन राह्यलं तुम्हाला?

सर्जेराव : आता? तू बोलून राह्यली. रोडवरून बस गेली.

सत्यशीला : अन् माझ्या हातात काय हाय?

सर्जेराव : पाठीमागचं मला कसं दिसन?

सत्यशीला : खंजिरी. तुम्ही हवा होती म्हणले, तव्हापासून हलवून राह्यले.

सर्जेराव : थाप न्हाई ऐकू आली.

सत्यशीला : थाप मारलीच न्हाई. नुसत्या चकत्या वाजवल्या.

सर्जेराव : परत वाजव.

सत्यशीला : वाजवूनच राह्यले.

सर्जेराव : कानाजवळ आण.

सत्यशीला : हे घ्या.

सर्जेराव : हां. दुसऱ्या गल्लीत कुठं तरी वाजल्यावानी.

सत्यशीला : आता काय वाटतं?

सर्जेराव : काय सांगू? काही वाटूनच न्हाई राह्यलं. दात काढायला सुई देतेत ना, तसं झालंय समदं.

सत्यशीला : राधेश्यामभाऊंचे कान बी असेच गेले. डॉक्टर म्हणले, गेलं ते येत न्हाई, राह्यलं ते जपा. बॉक्सच्या तोंडाशी उभं राहू नका. हे रबरी बूच पाठवलेत त्यांनी, कानात घालायचे.

सर्जेराव : कापूस घालतो की मी.

सत्यशीला : कापसानं आवाज अडतो व्हय? अन् उद्या जालन्याला कान दाखवायला जायचं. ट्विटर राहू द्या घरी.

सर्जेराव : बुद्धपौर्णिमेला मिक्सरवर कोण बसन मंग?

सत्यशीला : आपली प्रीती. लेकीला तुम्हीच शिकवलं की. पण तिच्या बी कानात बूच घालूनच बसवीन.

सर्जेराव : तू गाणार?

सत्यशीला : प्रितमला परत फोन करते. माझा गळा बरा हाय म्हणून सांगते.

सर्जेराव : वर्षभर मी तुझ्या गळ्याला बोल लावला.

सत्यशीला : लावला. मला लई लागलं ते. राती झोप न्हाई यायची.

सर्जेराव : अन् मी कुठं बसू?

सत्यशीला : मागं. लिंबाखाली.

सर्जेराव : तिथून तुझं काय ऐकू येईन मला?

सत्यशीला : नीट न्हाई येणार. पण शब्द तुम्हाला पाठ हायेत.