दुपारची लॉरी

(१९४२चा चैत्र. नवीन जालन्यात भंवरलाल शेटच्या आडतीमागं उभी लॉरी.)

झुंबरबाई: …अन् हा कांदा खिशात ठेव. बाटलीत पन्हं हाये, ते तापायच्या आत पी.

बद्रीनाथ: ठेव तिथं, वैनी. हात भरलेत माझे.

झुंबरबाई: काय करून राह्यला?

बद्रीनाथ: चाकातली हवा जराशी काढून राह्यलो. उन्हानं हवा फुगती, मंग टायर फुटतं. पाण्याची नळी बदलली. ह्या दोन छागली भरल्यात, त्या म्होरं टांगतो. वाऱ्यानं पाणी गार राह्यतं.

झुंबरबाई: दोन्ही तुला?

बद्रीनाथ: एक मला, एक इंजनाला. तीर्थपुरीपस्तोर ते माझ्यापरीस जास्ती पितं.

झुंबरबाई: अन् मागं ते पिंप कसलं?

बद्रीनाथ: कोळशाची भट्टी हाये. लढाईपायी पेट्रोल मिळंना, मंग शेटनं गाडी कोळशाच्या ग्यासवर केली.

झुंबरबाई: म्हंजी डोक्यावर ऊन, म्होरं इंजन अन् पाठीशी चूल. तुझ्या भावाच्या टायमाला चूल तरी नव्हती.

बद्रीनाथ: वैनी, आता तो इषय नको.

झुंबरबाई: कवा काढू मंग? गेल्या वैशाखात ह्याच शिटावर गेले ते. भर दुपारी चक्कर आली म्हणून बाभळीखाली गाडी लावली, अन् परत उठलेच न्हाईत. तिसऱ्या दिवशी मी राख सावडून येऊन राह्यले, तर हीच गाडी बाराच्या उन्हात समोरून चालली. वर तू.

बद्रीनाथ: मी न्हाई म्हणलो असतो तर दुसरा बसला असता.

झुंबरबाई: तुला बोल लावायला न्हाई आले. शेटजीला भेटायला आले. दुपारचं धाडू नका, एवढंच म्हणणार हाये. पायावर डोकं ठेवावं लागलं तरी ठेवीन.

बद्रीनाथ: दादानं म्हणून पाह्यलं व्हतं. रातच्याला गाडी हाकू का इचारलं, तर शेट म्हणले, मोटार घेतली कशाला मंग, बैलंच बरी व्हती. …आले बघ ते.

भंवरलाल: बदरी, थांब. गाडी आता न्हाई काढायची.

बद्रीनाथ: अन् तीर्थपुरीची सरकी, शेटजी?

भंवरलाल: सरकी कुठं पळून न्हाई चालली. आजपासून दुपारची गाडी बिलकुल बंद. पहाटे निघायचं, ऊन चढलं की निंबाखाली लावायची, ऊन उतरलं की मंग हाकायची. समजलं बराबर?

झुंबरबाई: शेटजी…

भंवरलाल: कोण? झुंबरबाई? उन्हात कशाला उभी? सावलीत ये.

झुंबरबाई: मी हेच मागायला आल्ते, शेटजी. तोंड उघडायच्या आत दिलं तुम्ही. वरीसभर चुलीपाशी बसून लई वंगाळ बोलले मी तुम्हाला. माफ करा. एका घरातलं दुसरं माणूस जाऊ नये, असं आलं तुमच्या मनात.

भंवरलाल: हे बघ बाई, उगा पुण्य चढवून राह्यली तू माझ्यावर. खोटं कशाला बोलू? परवा नथमलची लॉरी दुपारी गेल्ती, तिची दोन टायरं फुटली. रबर सगळं फौजेला चाललं. हैदराबादेला तार केली, मुंबईला तार केली, एक टायर मिळंना. गाडी विटांवर उभी हाये. माझं फुटलं तर माझीबी तशीच उभी राह्यल.

झुंबरबाई: म्हंजी टायरापायी.

भंवरलाल: टायरापायी. पर बदरीचं भलंच झालं ना त्यात?

झुंबरबाई: झालं की. गेल्या साली मिळत व्हती टायरं?

भंवरलाल: टेशनावर उतरत व्हती. पाह्यजे तेवढी.

झुंबरबाई: अन् डायवर?

भंवरलाल: डायवर तर आजबी मिळतात. तुला वाईट वाटंल, पर तू इचारलं. रखमाजीचं मला काय कमी दुःख न्हाई झालं. लाकडं मीच धाडली व्हती.

झुंबरबाई: धाडली व्हती. सुकी व्हती.

भंवरलाल: बदरी, गाडी सावलीत घे. अन् टायरावर ओली पोती टाक. जल्दी.

बद्रीनाथ: टाकतो, शेटजी. …गेले ते, वैनी. बस जरा. रडू नको.

झुंबरबाई: रडून न्हाई राह्यले. मला वाटत व्हतं, गादीवर बसणारा माणूस, त्याला ऊन काय कळणार. त्याला समदं कळत व्हतं, बदरी. टायराला ऊन लागतं हे कळतं, तर माणसाला लागतं हे कळलं नसंल?

बद्रीनाथ: मी दुपारचा जात न्हाई आता. तेवढं धर.

झुंबरबाई: अन् टायरं परत मिळायला लागली की?

बद्रीनाथ: लढाई सरल्याबिगर न्हाई मिळत म्हणतात.

झुंबरबाई: कवा सरंल?

बद्रीनाथ: कुणाला ठाऊक.

झुंबरबाई: मंग चालू राहू दे.

बद्रीनाथ: वैनी, आपल्या शेजारच्या सगुणाबाईचा कारभारी तिकडंच गेलाय लढाईवर.

झुंबरबाई: म्हाईत हाये. तो सुखरूप यावा म्हणून रोज सांजच्याला ती दिवा लावती. मीच वात वळून देते तिला. …पन्हं पिऊन घे. मी आज तिच्या दारावरून न्हाई, मस्तगडाच्या मागल्या गल्लीनं घरी जाईन.