श्रावणातली सुकट

पुन्हा मलाच सांगायला लावता? ऐका मेल्यांनो.

जिन्याखालच्या दोन पिल्लांना मांजरांचा तो सर्दीचा व्हायरस झालेला. ताप उतरला, पण नाकं चोंदलेली. वास येईना म्हणून तोंड लावीनात. डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, उग्र वासाचं काहीतरी गरम करून द्या. आज खाल्लं नाही तर हातची जातील."

मी सुकट धुतली, भाजायला घेतली. शेजारीण दारात हजर!

"श्रावणी सोमवारी सुकट? दादा, लाज वाटू द्या!"

"अगं वहिनी, पिल्लांसाठी आहे!"

"हो हो, पिल्लांचं नाव!"

भांडुपची अख्खी चाळ गोळा केली बाईनं. सगळ्यांसमोर पिल्लं ताटलीवर तुटून पडली. तरी म्हणते, "उरलेली तुम्हीच खाणार ना?"

पिल्लं जगली. माफी अजून मागितली नाही त्या सुमनवहिनीनं!