पोळ्यांच्या फॉइलमधला मॉनिटर

ऐका, आणि तुम्हीच सांगा चूक कुणाची. नवऱ्याने घरीच सुटे भाग जोडून बनवलेल्या सिंथेसायझरमध्ये म्हणे आमच्या बेबी मॉनिटरची खरखर शिरत होती. रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मुलगी रडली की ऐकू यावं म्हणून मॉनिटरचा रिसीव्हर कमरेला. बराच वेळ आवाज नाही. वाटलं, अखेर मला पोर झोपवायला जमलं!

तेवढ्यात खालच्या अक्का धापा टाकत वर आल्या. "अगं, मुलगी केव्हाची रडतेय!"

धावले. पाळण्याजवळचा मॉनिटर पोळ्यांच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेला, आणि हा बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून!

"हे काय केलंस?"

"शील्डिंग! फॉइलमधून त्याच्या लहरी बाहेरच पडत नाहीत. ऐक, खरखर पूर्ण गेली."

रडणारी मुलगी त्याच्या मांडीवर दिली आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले. खरंच, पूर्ण गेली होती.