राल्फ वेंडकोटची बायको

हळू काहून बोलून राहिली वं श्वेता? त्यांले सगळं ऐकू येते. लकव्यानं जीभ गेली, उजवा हात गेला. कान अन् डोकं शाबूत आहे तुमच्या सरांचं — डॉक्टरच म्हणाला. बस, त्यांच्यासमोरच बस. पुस्तकाचं विचारत होती ना? सारी जिंदगी या माणसानं त्या राल्फ वेंडकोटच्या मागं घालवली. साडेतीनशे वर्षांमागं मेलेला इंग्रज जमीनदार — अन् सक्करदऱ्यातल्या या घरात माझ्यापेक्षा त्याचीच चौकशी जास्त. शेवटचा चाप्टर तेवढा राहिला. तू पुरा करशील म्हणते? मग आधी गोष्ट तर ऐक, माझ्या तोंडून.

दोन-तीन गावांचा मालक, दिसायले देखणा, पार्लमेंटात बसणारा. राजा अन् पार्लमेंटची लढाई लागली तेव्हा हा पार्लमेंटकडून — म्हणजे लंडनात, भाषणं ठोकत. लढलं कोण? बायको, मार्गारेट. राजाच्या फौजेनं गढीले वेढा घातला तर तिनं गड्यांच्या हाती बंदुका दिल्या, छपरावरचे शिशाचे पत्रे वितळवून गोळ्या पाडल्या, घोडे कापून माणसं जगवली. पोटचं पोर तापानं गेलं, ते आंगणातच पुरलं — बाहेर न्यायचं कसं? — पण दार उघडलं नाही. फौज थकून गेली, मग हा आला. पार्लमेंटनं सत्कार कोणाचा केला? याचा.

पुढं पार्लमेंटनं राजाचं डोकं उडवलं, अन् काही वर्षांनी त्याचा पोरगा राजा होऊन परत आला. विरोधात गेलेल्यांची धरपकड सुरू झाली, तर हा दरबारात गुडघ्यावर बसला अन् म्हणाला, 'महाराज, मी तर लंडनात होतो. तुमच्या फौजेवर गोळ्या बायकोनं घातल्या, माझ्या नकळत.' सुटला. जमीनही राहिली. तिले मात्र तिच्या भावाच्या घरी मागच्या खोलीत कोंडलं, म्हातारी होईपर्यंत. हे चहा पिता पिता सांगत मले — 'केवढा व्यवहारी माणूस, नीला.' फार कौतुक त्याचं.

अन् ते कॉलेजच्या पेपरांचं लफडं, आठवते? तू शिकून राहिली होती तेव्हा. गठ्ठे मीच तपासत होती, यांले वेळ कुठं — पण मार्क कोणाचे वाढवायचे ते हेच सांगत. चौकशीत काय म्हणाले? 'बायकोनं केलं, माझ्या नकळत.' शब्दही तेच. माझी शाळेतली नोकरी गेली, हे हेड झाले. तूही तर रस्त्यात दिसली की मान फिरवत होती. असू दे, तुले काय माहीत.

राल्फ म्हातारा झाला, त्यालेही लकवा मारला. पोरं नाही, नोकर चोरटे; मग मार्गारेटले बोलावलं. आली ती. पुढं? यांच्या कागदात एकच ओळ — 'पत्नीने अखेरपर्यंत एकनिष्ठ सेवा केली.' यांले काय माहीत त्या खोलीत काय झालं? मले माहीत आहे. मी रोज दुपारी सांगते यांले, रोज नवीन. एखाद्या दिवशी ती त्याची खाट खिडकीशी ओढते, जिथून पोराची कबर दिसते, अन् मान तिकडंच वळवून उशा लावून ठेवते. एखाद्या दिवशी दोस्त भेटायले येतात, तर त्यांच्यासमोर ओलं अंथरूण बदलते, सावकाश. पाद्री क्षमा द्यायले येते तर म्हणते, 'यांले नको आहे' — अन् तो बिचारा जिन्यावरूनच परत. हे अं-अं करतात. पुरावा नाही, असं म्हणायचं असते यांले. डॉक्टर म्हणते, बोलत राहा, डोकं चालू राहते. काल रडले. म्हणजे चालूनच राहिलं ना?

मेला कसा म्हणते? ते अजून ठरलं नाही माझं. म्हणून कागद देत नाही तुले. घाई काय आहे?

काहून उठली? — तो ग्लास खाली ठेव, श्वेता. ठेव म्हटलं ना. हे बघून राहिले त्याच्याकडं तर बघू दे. पाणी मी देईन, आजचं सांगून झाल्यावर. तू निघ आता, अन् जाताना दार ओढून घे.