ॲमस्टरडॅमचा बारावा सोमवार

ॲमस्टरडॅमचं काय सांगू, मला आठवते ती बोटीतली माझी लेक. ह्यांच्या आजारपणात मी सोळा सोमवार धरले होते. अकरावा झाला आणि हे गेले; मधले सोमवार सुतकात राहून गेले. पुढच्या महिन्यात, मन रमावं म्हणून, मुग्धा मला मिल्टनच्या घरून तिकडे घेऊन गेली. कालव्यांवर दिवसभर पाऊस. बोटीत तिने गरम वॅफल पुढे केलं.

म्हटलं, "अगं, आज सोमवार."

"आई, बाबा गेले! आता हा फास्ट कुणासाठी? देवाने ऐकलं तरी का?"

"नसेल ऐकलं, बाळा. पण शब्द मी दिला होता ना."

काचेकडे तोंड करून ती खूप रडली. मग वॅफल कागदात गुंडाळत म्हणाली, "आजचा धरून पाच राहिले ना? मीपण करते."