कवितेच्या तासाचा फोटो

ग्रंथालयात पुस्तक परत करायच्या रांगेत उभा होतो. पलीकडे ‘तरुणांसाठी कवितेचा तास’ असा फलक, रिकाम्या खुर्च्या आणि कागद घेऊन आलेली एकच मुलगी. ग्रंथपाल बाईंनी रांगेतल्या आम्हा सगळ्यांना तिच्यासमोर नेऊन बसवलं. आम्हीही मेंढरांसारखे बसलो.

“काका, टोपी घाला. टक्कल फोटोत येतंय.”

“कार्यक्रम तरुणांचा ना, बाई?”

“म्हणून तर पाठमोरं बसवलंय. बाळा, तू कागद धर, तोंड उघड. हं, आला फोटो! उठा सगळे, उपकार झाले.”

“मॅडम, आता वाचू?”

“आता कशाला? फोटोत वाचतेयस असंच दिसतंय. वरच्या साहेबांना तेवढंच लागतं.”

“पण ऐकलं कुणीच नाही.”

“घरी वाचून दाखव की.”

“घरी ऐकणारं कुणी असतं, तर लिहिलं असतं का?”

“अगं बाई... बरं, वाच. खुर्च्या उचलता उचलता ऐकते मी.”

“नको मॅडम. आधी खुर्च्या उचलून घ्या. मी थांबते.”